लाखाचा पीसी नसेल तर आरपीजीच्या नादाला लागू नये म्हणे!

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीतल्या ओंकारने मला एक फॉरवर्ड पाठवला. तोच त्याआधी ऑफिसच्या ग्रुपवर आणि सदाशिव पेठेतल्या माझ्या जुन्या रूम पार्टनर्सच्या ग्रुपवरही येऊन गेला होता. विषय आरपीजी, म्हणजे रोल-प्लेइंग गेम: एखादं पात्र होऊन गोष्ट खेळायची, निर्णय आपण घ्यायचे. मजकूर साधारण असा: ‘आरपीजी हा पैसेवाल्यांचा छंद आहे. लाखाचा पीसी लागतो. गेमला तीन-चार हजार जातात, पण शंभर तास चालतो, म्हणजे तासाला चाळीस रुपये, मल्टिप्लेक्सपेक्षा स्वस्तच. शंभर-दोनशेला मिळतात ते गेम टुकार. परवडत नसेल तर क्रॅक (चोरीची कॉपी) टाका, नाहीतर मोबाइलवर फुकटचे खेळा.’ खाली ओंकारचा प्रश्न: ‘दादा, बाबांकडे पीसी मागू का?’

ओंकार अकरावीला आहे. पीसी माग बापडा, पण या फॉरवर्डच्या जिवावर नको.

‘लाखाचा पीसी लागतो.’ बाल्डर्स गेट ३ खेळायचा असेल तर बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड लागतं, एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क लागते आणि दीडशे जीबी जागा लागते, हे मान्य. पण एका गेमचं ओझं अख्ख्या प्रकाराच्या गळ्यात कशाला? अंडरटेल २०० एमबी जागा आणि २ जीबी रॅम मागतो. डिस्को एलिझियम वेगळ्या ग्राफिक्स कार्डाशिवाय चालतो. १९९९ च्या प्लेनस्केप: टॉरमेंटची २०१७ मध्ये सुधारित आवृत्ती निघाली, ती तर फोनवरसुद्धा खेळता येते. ओंकारकडे ताईचा इंजिनीअरिंगच्या वेळचा लॅपटॉप आहे. एफ-चं बटण निखळलंय आणि चार्जर काढला की तो मान टाकतो. तेवढा लॅपटॉप या तिन्हींना पुरतो.

‘गेमला तीन-चार हजार जातात.’ जातात, पण पहिल्या दिवशी. बाल्डर्स गेट ३ ऑगस्ट २०२३ मध्ये स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, २,९९९ रुपयांना आला, तेव्हा मीही हात आखडला. पण अप्पा बळवंत चौकात वाढलेल्या माणसाला हे काय समजावून सांगायचं? पुस्तकाचं दुकान दिसलं की आपला पहिला प्रश्न ‘जुनं आहे का?’ हाच असतो. गणिताचं पुस्तक हातबदल झालं म्हणून त्यातलं गणित चुकत नाही. आरपीजीचं तसंच आहे. म्हातारी होतात ती ग्राफिक्स. माणसं, संवाद आणि आपण घेतलेल्या निर्णयाचा चार तासांनी बसणारा फटका, हे जुनं होत नाही.

विचर ३ बघा. २०१५ चा पोलिश गेम, वर्षातून अनेकदा ८० टक्क्यांच्या आसपास सवलतीत मिळतो. त्यात एक दारुडा जहागीरदार भेटतो, ब्लडी बॅरन. बायको आणि मुलगी बेपत्ता आहेत, शोधून दे म्हणतो. आपल्याला वाटतं, बिचारा. मग घरात हिंडताना एकेक वस्तू सापडत जाते आणि लक्षात यायला लागतं की त्या हरवलेल्या नाहीत, पळून गेल्यात. कोणापासून, ते सांगत नाही. हा भाग मी पूर्ण किमतीत खेळलो असतो तर जास्त चांगला लागला असता का?

व्यवहाराचं सांगायचं तर गेम विशलिस्टला टाकून ठेवायचा आणि विसरून जायचं. उन्हाळी आणि हिवाळी सेल ठरलेले असतात. स्टीमडीबी या साइटवर गेमची आजवरची सर्वांत कमी किंमत दिसते, तिच्या जवळपास आला की घ्यायचा. नाही आवडला तर खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर स्टीम पैसे परत करतं. एवढी सोय लक्ष्मी रोडवरसुद्धा नाही.

‘तासाला चाळीस रुपये.’ या हिशेबाची मला सगळ्यात जास्त चीड येते, कारण तो दिसायला शहाणा आहे. खानावळीचं मोजमाप आपण कधी भाताच्या ढिगावर करतो का? मोठ्या कंपन्यांना हा हिशेब पाठ आहे, म्हणूनच ‘दहा मुळ्या आणून दे, वीस लांडगे मार’ असली कामं नकाशाभर पेरलेली असतात. तास भरतात, लक्षात काही राहत नाही. अंडरटेल सहा-सात तासांत संपतो आणि महिनाभर डोक्यातून जात नाही.

‘स्वस्तातले टुकार असतात.’ काही असतात. स्टीमवर कचरा ढिगाने आहे, नाही कोण म्हणतंय? पण २०१५ चा अंडरटेल मुख्यतः एका माणसाने, टोबी फॉक्सने केलेला आहे. डिस्को एलिझियम २०१९ चा, एस्टोनियातल्या मंडळींचा, आणि सेलमध्ये त्यावर ९० टक्के सूट मी पाहिली आहे. त्याची सुरुवात अशी: पिऊन पडलेला पोलीस अधिकारी हॉटेलच्या खोलीत चड्डीवर जागा होतो, टाय वरच्या पंख्याला लटकून गरगर फिरतोय. टाय ओढून काढायला गेलात आणि पात्र घडवताना तब्येतीला गुण देण्यात काटकसर केली असेल, तर हिरो जागच्या जागी हार्ट अटॅकने जाऊ शकतो. गेम सुरू होऊन पाच मिनिटं झालेली असतात. मी असाच मेलो, आणि रात्री एक वाजता एकटाच हसत बसलो.

आणि छोटी टीम म्हणजे टुकार, असं पुण्यात बसून तरी म्हणू नका. राजी हा गेम इथल्याच नॉडिंग हेड्स या स्टुडिओने केला, २०२० मध्ये आणला. तो आरपीजी नाही, ॲक्शनचा आहे, आणि त्यातली लढाई मला जराशी आखडल्यासारखी वाटते. पण बघत राहावा असा आहे.

‘क्रॅक टाका.’ क्रॅकबरोबर काय काय लॅपटॉपात उतरतं ते क्रॅक टाकणाऱ्यालाही माहीत नसतं. अँटिव्हायरस बंद करा, अशी पहिलीच सूचना ज्या गोष्टीबरोबर येते तिच्याबद्दल अजून काय बोलायचं? त्याचाच सभ्य भाऊ म्हणजे कुठल्यातरी साइटवरून अर्ध्या किमतीत घेतलेली ‘की’, म्हणजे गेम आपल्या खात्यात उघडणारा कोड. मी एकदा घेतली होती. तीन आठवड्यांनी गेम लायब्ररीतून गायब, विक्रेताही गायब. ना पैसे, ना गेम.

‘मोबाइलवर फुकटचे खेळा.’ गेन्शिन इम्पॅक्टसारखे फुकट गेम दिसायला देखणे आहेत, पण हवं ते पात्र मिळवायला सोडत काढावी लागते, आणि पैसे तिथेच जातात. एका सोडतीत मिळालं तर मिळालं. खरं फुकट दुसरीकडे आहे. १९९६ चा डॅगरफॉल हा आरपीजी बेथेस्डा कंपनीने २००९ मध्ये मोफत केला. पण तो गोड मानून घेऊ नका: पहिल्याच तळघरात एक छोटा सैतान अंगावर येतो, त्याच्यावर लोखंडी तलवारीचा काही परिणामच होत नाही. एपिक स्टोअर हे स्टीमसारखंच दुसरं दुकान दर आठवड्याला काहीतरी मोफत देतं, मे २०२३ मध्ये फॉलआउट: न्यू व्हेगस दिला होता. गुरुवारी बघायची सवय लावून घ्या.

फॉरवर्डमध्ये खरी अडचण मात्र आलीच नाही, ती म्हणजे इंग्रजी. डिस्को एलिझियममध्ये दहा लाखांच्या आसपास शब्द आहेत, तेही वाकडेतिकडे. मी मराठी माध्यमातला. पहिला मोठा आरपीजी खेळताना शेजारी डिक्शनरी उघडी असायची आणि निम्मे विनोद डोक्यावरून जायचे. म्हणून ओंकारला म्हटलं, पीसी राहू दे, आधी अंडरटेल घे. वाक्यं छोटी आहेत.

शनिवारी त्याने घेतला. रविवारी दुपारी दार वाजलं. सुरुवातीला भेटणारी, मायेने सांभाळणारी टोरिएल त्याच्या हातून मेली होती. वाईट वाटलं म्हणून त्याने सेव्ह केलेल्या जागेवरून परत सुरू करून तिला वाचवलं होतं. लॅपटॉप चार्जरसकट काखेत धरून दारात उभा.

‘दादा, मी तर परत मागे जाऊन नीट खेळलो ना? मग गेममधल्या त्या बोलक्या फुलाला कसं कळलं मी तिला आधी मारलं होतं ते?’