पुणं राहायला चांगलं आहे, पण कुणाच्या खर्चाने?

२०१८ मध्ये केंद्र सरकारच्या राहण्यायोग्य शहरांच्या यादीत १११ शहरांमधून पुणं पहिलं आलं होतं. आठवतंय? नवी मुंबई दुसरी, मुंबई तिसरी. आठवडाभर आपली कॉलर ताठ होती. पुढची यादी मार्च २०२१ मध्ये आली, त्यात बंगळुरू पहिलं आणि आपण दुसरे. त्या खेपेला १०० पैकी ३० गुण होते लोकांना विचारून घेतलेल्या मताला. तुम्हाला तुमच्या शहरात राहून कसं वाटतं, वगैरे.

आता हे आमच्या सोसायटीत विचारून बघा. मी राहते पुण्याच्या कडेला, किरकटवाडीच्या बाजूला. बहुतेक जण सांगतील, मस्त आहे हो! हवा छान, शाळा जवळ, मुली रात्री उशिरा स्कूटीवरून घरी येतात, भीती नाही. पाणी? टँकर येतो की. लाइट गेली तर? जनरेटर आहे. बस? बसने कोण जातं! म्हणजे पाणी, वीज, वॉचमन सगळं मेंटेनन्समधून, गाडी आपल्या कर्जाची. राहिली हवा. ती महापालिकेच्याही आधीपासूनची आहे.

आपण सोसायटीला मार्क देतो आणि ते शहराच्या खात्यात जमा होतात.

आमच्यापासून खडकवासला धरण काही मिनिटांवर आहे, तरी आम्ही टँकरवर. जून २०२१ मध्ये आमच्यासकट २३ गावं पुण्यात घेतली आणि क्षेत्रफळाने ही राज्यातली सगळ्यात मोठी महापालिका झाली. पुढच्याच मार्चमध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. सरपंच गेला, नगरसेवक आला नाही. नळाला पाणी का नाही हे विचारायला जायचं कुणाकडे, हेच चार-साडेचार वर्षं कळत नव्हतं. जानेवारी २०२५ मध्ये आमच्या इथल्या नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, नांदोशी या पट्ट्यात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण सापडायला लागले, संशय पाण्यावर गेला, टीव्हीच्या गाड्या आल्या. आमच्याकडे काय झालं? घरोघरी आरओ बसले. ज्यांच्याकडे होते त्यांनी फिल्टर बदलले. मोर्चा वगैरे काही नाही.

वेताळ टेकडीवरून रस्ता न्यायचा म्हटल्यावर मात्र हेच पुणेकर रस्त्यावर उतरले. उतरायलाच हवं होतं. टेकडी विकत मिळत नाही ना! पाणी मिळतं.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी बीडकडच्या. त्यांना ना टँकर ना आरओ, जार विकत घेतात, पीएमपीच्या बसची वाट बघत उभ्या राहतात. त्यांना विचारलं, इथे बरं वाटतं का? म्हणाल्या, "बरंच हाय की ताई. रोज काम मिळतंय, पोरगी शाळेत जातीय. गावाकडं काय व्हतं?" छत्रपती संभाजीनगरचा माझा मामेभाऊही आमचा टँकर बघून म्हणतो, तुमची तर चैन आहे, आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी. म्हणजे त्यांचंही उत्तर 'छान'च. एकाची तुलना गावाशी, दुसऱ्याची मराठवाड्यातल्या उन्हाळ्याशी, आणि आमची तर कशाशीच नाही, आम्ही पैसे भरून मोकळे. अशा उत्तरांची बेरीज करून शहराचा नंबर काढायचा?

मला विचाराल तर पाहणीत एकच प्रश्न वाढवा: शहरात नीट राहता यावं म्हणून कर भरून झाल्यावर महिन्याला खिशातून आणखी किती घालता? टँकर, जार, जनरेटरचं डिझेल, इन्व्हर्टरची बॅटरी, रिक्षा, सगळं धरून. मग लावा नंबर.

निवडणुकीच्या आधी आमच्याकडे उमेदवार येऊन गेले, जवळजवळ सगळेच. हात जोडून म्हणाले, काही अडचण असेल तर सांगा. कमिटीने गेटसमोर पेव्हिंग ब्लॉक आणि मागच्या गल्लीत दोन दिवे मागितले. पाण्याचा विषय निघालाच नाही. टँकरचं वर्षाचं कंत्राट आदल्याच महिन्यात झालं होतं.