क्यूपीआरने सिटीला ट्रॉफी फुकट दिली नव्हती

मे महिना आला की आमच्या दापोली-हर्णैकडच्या फुटबॉलवाल्या पोरांच्या मोबाइलवर ती क्लिप पुन्हा फिरायला लागते. 13 मे 2012, इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा शेवटचा दिवस, क्वीन्स पार्क रेंजर्सविरुद्ध (क्यूपीआर) मँचेस्टर सिटीला लीग जिंकून देणारा अग्वेरोचा शेवटच्या क्षणीचा गोल, आणि खाली मजकूर: ‘आपण वाचलो हे कळताच क्यूपीआरने खेळ सोडला, सिटीला ट्रॉफी फुकट मिळाली.’ पाठवणारे बहुतेक मँचेस्टर युनायटेडवाले, ज्यांची ट्रॉफी त्या गोलने हुकली. मीही युनायटेडचाच, आणि तो गोल आजही पाहवत नाही. पण मजकूर खोटा आहे.

शेवटच्या दिवशी क्यूपीआरचे गुण होते 37, बोल्टनचे 35. बोल्टन जिंकलं आणि क्यूपीआर हरलं, की क्यूपीआर खालच्या लीगमध्ये. त्याच वेळी बोल्टन स्टोक संघाच्या मैदानावर मध्यंतराला 2-1 ने पुढे होतं. स्टोकची बरोबरी झाली 77व्या मिनिटाला, पेनल्टीवर. त्यानंतरही बोल्टनला एकच गोल हवा होता. मग क्यूपीआर निवांत होतं कधी? क्यूपीआरचा बार्टन 55व्या मिनिटाला लाल कार्ड घेऊन गेला, आणि उरलेल्या दहा जणांनीच 66व्या मिनिटाला गोल चढवला. ट्राओरे डावीकडून पळत गेला, क्रॉस टाकला, मॅकीने डोकं लावलं. क्यूपीआर 2-1 ने पुढे!

दुसरा पुरावा म्हणून सांगतात, की सिटीच्या जेकोने बरोबरी केल्यावर क्यूपीआरने सेंटरवरून बॉल लांब मारून थेट बाहेर घालवला. घालवला, खरं आहे. आपण ओहोटीला पुळणीवर खेळतो तेव्हा शेवटी दमलेली टीम बॉल सुरूच्या बनाकडे भिरकावते, ती काय समोरच्यांवर मेहेरबानी म्हणून? बॉल आपल्या गोलपासून लांब राहावा, दोन श्वास घ्यायला मिळावेत, म्हणून. दहा जणांनी अर्ध्या तासाहून जास्त वेळ किल्ला लढवला होता.

आणि अग्वेरोचा तो गोल जरा हळू करून बघा. सिटीच्या डी याँगने बॉल पुढे आणला, अग्वेरोला दिला. अग्वेरोकडून बालोटेलीकडे. बालोटेली पडता पडता बॉल पुन्हा अग्वेरोच्या वाटेत सरकवतो. बॉक्समध्ये क्यूपीआरच्या खेळाडूंची दाटी आहे. तैवो जीव खाऊन घसरत आडवा येतो, अग्वेरोच्या पायाला लागतो. अग्वेरो पडला असता तर पेनल्टी मागता आली असती. तो उभा राहिला आणि गोलकीपर केनीच्या जवळच्या पोस्टकडून बॉल आत हाणला. खेळ सोडलेला माणूस असा आडवा पडत नाही.

सिटीने त्या दिवशी 44 फटके मारले, 19 कॉर्नर घेतले. गोल उशिरा झाले, आयते नाही.

राहिला आपल्या युनायटेडवरच्या अन्यायाचा मुद्दा. सिटीचे आणि आपले गुण सारखेच, 89, म्हणून निकाल लागला गोलफरकावर, म्हणजे केलेल्या गोलांतून खाल्लेले वजा करून. गोलफरक त्यांचा 64, आपला 56. ओल्ड ट्रॅफर्डवर ऑक्टोबरमध्ये आपण सिटीकडून 6-1 ने हरलो, त्या एका सामन्याने दोघांच्या गोलफरकात 10 चं अंतर पाडलं. एप्रिलमध्ये सहा सामने उरले असताना आपण आठ गुणांनी पुढे होतो. मग विगनमध्ये हरलो. सिटीच्या मैदानावर त्यांच्या कोंपनीच्या हेडरवर हरलो. त्या दोन्हींच्या मधला एव्हर्टनचा सामना मला सगळ्यात जास्त लागतो: घरच्या मैदानावर 4-2 ने पुढे असताना 83व्या आणि 85व्या मिनिटाला दोन गोल खाल्ले. लीग तिथे गेली, आणि त्यात क्यूपीआरचा काडीचाही संबंध नव्हता.