माला-डी माहीत असलेल्यांनी तरी हे पुढे पाठवू नये

न्यू जर्सीतल्या आमच्या काकांनी घरच्या ग्रुपवर एक लांबलचक फॉरवर्ड टाकलाय : ‘सत्य बोलला म्हणून छळला गेलेला रेडिओचा सिंह, रश लिम्बॉ’. अमेरिकेतल्या उजव्या विचारांच्या या निवेदकाचं 2021 मध्ये निधन झालं. मी दुर्लक्षच करणार होते, पण त्याच ग्रुपवर माझी भाची आहे. पीसीओएस या अंडाशयाच्या आजारासाठी ती रोज गर्भनिरोधक गोळी घेते, आणि त्यातला तिसरा मुद्दा तिनेही वाचला. म्हणून आधी तोच घेते.

त्यात म्हटलंय, ‘सँड्रा फ्लूक नावाच्या मुलीने स्वतःच्या मौजमजेसाठी करदात्यांकडे पैसे मागितले. लिम्बॉंनी ते फक्त बोलून दाखवलं.’

काय बोलून दाखवलं? फेब्रुवारी 2012 च्या अखेरीस त्यांनी तिला वेश्या म्हटलं, आणि ती इतका संग करते की तिला गोळ्या परवडत नाहीत, असंही. अहो काका, गोळी रोज एक असते! नवरा गावाला गेला तरी एक, घरी असला तरी एक. माला-डी या गर्भनिरोधक गोळीच्या पाकिटात 28 गोळ्या असतात हे आपल्याकडच्या कुठल्याही आशाताई सांगतील. कोट्यवधी श्रोत्यांच्या या सिंहाला ते ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक असूनही सोयीचं नव्हतं.

आता करदाते. फ्लूक जॉर्जटाउन विद्यापीठात कायदा शिकत होती. हे जेझुइटांचं, म्हणजे गर्भनिरोधनाला विरोध असलेल्या कॅथलिक पंथातल्या धर्मगुरूंचं विद्यापीठ. तिथल्या विद्यार्थी विम्यात गर्भनिरोधक बसत नव्हतं आणि तिची मागणी होती की ते बसावं. प्रीमियम विद्यार्थी स्वतः भरत, विद्यापीठ त्यात एक छदाम घालत नव्हतं. हे तिने डेमोक्रॅट खासदारांपुढच्या साक्षीतच सांगितलंय. यात सरकारी तिजोरी कुठून आली?

ती साक्ष चार-पाच मिनिटांत वाचून होते. स्वतःच्या शरीरसंबंधांबद्दल तिने त्यात अवाक्षर काढलेलं नाही. सांगितलंय ते मैत्रिणीबद्दल. तिला पीसीओएस होता, आणि आजारासाठी गोळी लागली तर ती कागदोपत्री विम्यात बसत होती. तरी विमावाल्यांनी पुन्हा पुन्हा नाकारली, कारण त्यांना वाटलं हिला मूल नको म्हणूनच हवी असणार. ती मैत्रीण समलिंगी होती! काही महिने महिन्याला शंभरावर डॉलर खिशातून भरले, मग ते जमेना. अंडाशयावर टेनिसच्या चेंडूएवढी गाठ झाली आणि अंडाशय काढावं लागलं. ही फॉरवर्डमधली मौजमजा.

‘त्यांनी मोठ्या मनाने माफीही मागितली.’ मागितली, 3 मार्चला, जाहिरातदार पळायला लागल्यावर. तीही शब्दांच्या निवडीबद्दल. करदात्यांचा आरोप त्यांनी मागे घेतला नाही, म्हणून तर तो आज न्यू जर्सीमार्गे आमच्या ग्रुपवर पोचला.

‘सरकारने त्यांची मुस्कटदाबी केली.’ उलट आहे. वादग्रस्त विषयाची दुसरी बाजूही ऐकवा, असा नियम अमेरिकेत होता. तो 1987 मध्ये, रेगन अध्यक्ष असताना, रद्द झाला आणि 1 ऑगस्ट 1988 ला लिम्बॉंचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. पुढे 32 वर्षं चालला. जाहिराती काढून घेतल्या त्या कंपन्यांनी. बाजाराचा कौल म्हणतात तो हाच ना?

वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनाचं प्रकरण फॉरवर्ड म्हणतो तसं ‘बनावट’ मुळीच नव्हतं. 2003 मध्ये व्यसनाची कबुली त्यांनी स्वतःच्याच कार्यक्रमात दिली. त्यांच्या वैद्यकीय कागदपत्रांच्या गोपनीयतेसाठी तेव्हा फ्लोरिडातली एसीएलयू ही नागरी हक्कांसाठी लढणारी संघटना कोर्टात उभी राहिली. उदारमतवाद्यांची संस्था! छळाच्या गोष्टीत ती कुठेच नाही.

बहिरेपणाचा मुद्दा मात्र खरा. 2001 मध्ये त्यांची श्रवणशक्ती जवळजवळ पूर्ण गेली, कॉक्लियर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवायचं श्रवणाचं उपकरण) बसवलं, तरी माणूस माइकसमोर बसत राहिला. रेडिओवर पकड होती, नाही म्हणत नाही.

राहिलं पदक. ‘राष्ट्राध्यक्षांनी सर्वोच्च नागरी सन्मान दिला, म्हणजे ते म्हणाले ते खरंच असणार.’ तो सन्मान ट्रम्प यांनी 4 फेब्रुवारी 2020 ला दिला. त्याच महिन्याच्या 24 तारखेला लिम्बॉंनी श्रोत्यांना सांगितलं, की कोरोना म्हणजे साधी सर्दी आहे.