‘अंदाजपंचे’ या शब्दाबद्दल : सबवूफरच्या लेखावरील एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

दोन लहान बुकशेल्फ स्पीकरच्या जोडीला सबवूफर (फक्त खालचे स्वर वाजवणारा स्पीकर) कसा बसवला, या माझ्या लेखावरील आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. पहिल्या वाचनात राग आला, म्हणून दुसऱ्यांदा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे : मी ४० हर्ट्झच्या (सेकंदाला ४० कंपनांच्या) स्वराची तरंगलांबी चुकीची दिली, मुख्य स्पीकरना हाय-पास फिल्टर (खालचे स्वर अडवणारी सोय) लावला नाही, सबवूफर कोपऱ्यात ठेवला, मंद आवाजात कान खालचे स्वर नीट ऐकत नाही हे विसरलो, आणि, आपल्याच शब्दांत, “मायक्रोफोनने न मोजता सबवूफर जुळवणे म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे, आणि त्यावर लेख लिहिणे म्हणजे नवशिक्यांची दिशाभूल.”

तरंगलांबीची चूक मान्य आहे. मी लिहिलेली ४.३ मीटर ही लांबी ८० हर्ट्झची. ४० हर्ट्झची तिच्या दुप्पट, म्हणजे सुमारे ८.६ मीटर. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार. तेवढ्यावर थांबला असता तर हे उत्तर दोन ओळींत संपले असते.

पण ‘अंदाजपंचे’? माझ्या वडिलांचा सांगलीत लाऊडस्पीकर भाड्याने देण्याचा व्यवसाय होता, आणि सातवीत असल्यापासून मी लग्ने, कीर्तने व गणपतीचे मांडव यांतून खांद्यावर वायरची वेटोळी घेऊन त्यांच्या मागे हिंडलो आहे. दोन स्पीकरपैकी एकाच्या धन-ऋण तारा उलट लागल्या, तर मांडवाच्या मधोमध उभे राहिल्यावर मृदंगाच्या धुमेचा दम निघून जातो आणि नुसती टिकटिक उरते. वडील चहाचा पेला हातातून खाली न ठेवता “डावा उलटा लागलाय, बघ” म्हणायचे, आणि डावाच उलटा लागलेला असायचा. त्यांच्याजवळ मायक्रोफोन होते. ते बुवांसमोर ठेवलेले असत. मिरजेत तारांखालची घोडी घासून तानपुऱ्याची जवारी (तारेचा झंकार) काढणारा कारागीर मायक्रोफोनचा कोणता आलेख समोर ठेवतो, हेही आपण कधी विचारून पाहावे.

लेखात काय केले होते ते आपण वाचले असेल असे गृहीत धरत होतो, पण प्रतिक्रियेवरून तसे दिसत नाही, म्हणून पुन्हा सांगतो. सबवूफरचा क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे स्वर सबवूफर वाजवतो ती सीमा, ७० हर्ट्झच्या आसपास ठेवला. हा आकडाही हवेतून आलेला नाही : काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा, तर खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झची असते, आणि माझ्या घरी मुख्यतः तेच ऐकले जाते. मग दोन्ही मुख्य स्पीकरच्या तारा मुद्दाम उलट केल्या, सबवूफरचा आवाज त्यांच्या बरोबरीला आणला आणि ७० हर्ट्झचा अखंड स्वर सुरू केला. पत्नी ऐकण्याच्या खुर्चीत बसली. मी सबवूफरच्या मागे गुडघे टेकून फेजचा (त्याच्या ध्वनिलहरी मुख्य स्पीकरच्या लहरींशी जुळवण्याचा) नॉब तसूतसूने फिरवत राहिलो. ती “कमी होतोय… अजून कमी… आता वाढला” असे सांगत गेली, आणि वाढण्याच्या जरा अलीकडे मी हात थांबवला. त्यानंतर तारा सुलट केल्या. उलट जोडणीत जेथे दोन ध्वनी एकमेकांना जास्तीत जास्त खोडतात, तेथेच सुलट जोडणीत ते एकमेकांना सर्वाधिक साथ देतात. आवाज सर्वांत मोठा कोठे होतो हे कानाला ठामपणे सांगता येत नाही, पण तो कोठे विझतो हे सांगता येते. याला पद्धत म्हणतात, महोदय. अंदाज वेगळा.

फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी मंद आवाजात कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात हे १९३३ मध्येच दाखवले, हे मला ठाऊक आहे. आपण ते पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला सांगावे तशा सुरात सांगितले आहे. त्यावरून कान बाद होत नाही. उलट, मायक्रोफोनच्या आलेखात सरळ दिसणारी रेषा रात्री दहा वाजता हळू लावलेल्या गाण्यात सरळ ऐकू येणार नाही, मग ती रेषा कोणासाठी आखायची? माझा दिवाणखाना १४ फूट लांब आहे, म्हणून ४० हर्ट्झजवळ तो घुमतो, आणि ही घूम आलेखात ठळक उमटली असती हे कबूल. पण ती मला शोकेसच्या सरकत्या काचेने आधीच सांगितली होती. ठरावीक स्वराला ती खणखणू लागली, म्हणून मी खुर्ची मागच्या भिंतीपासून दोन फूट पुढे घेतली. खणखणाट थांबवायला काचेखाली घडी घातलेला पुठ्ठा सारला, हे लेखात लिहायचे राहिले.

बाकीच्या मुद्द्यांवर फार लिहीत नाही. माझ्या ॲम्प्लिफायरला हाय-पासची सोय नाही, आणि दहा बाय चौदाच्या दिवाणखान्यात कोपरा सोडून जागा कोठे असते, हे मोठ्या घरात राहणाऱ्यांनी विचारू नये.

आपण सुचवलेला मायक्रोफोन घ्यावा की नाही, हा माझ्या खिशाचा प्रश्न आहे. आपल्याजवळ तो असेल आणि पुण्यात येणे होणार असेल, तर अवश्य घेऊन या. नॉब मी हलवणार नाही. त्याच्या टोकाशी पेन्सिलची खूण केलेली आहे. आलेखात ७० हर्ट्झला खड्डा, म्हणजे आवाज पडलेला, दिसला, तर तो आलेख मी आपल्या प्रतिक्रियेसह येथेच छापीन. ‘दिशाभूल’ हा शब्द मात्र येताना चपलांबरोबर दाराबाहेर ठेवावा.