टॉमी रमोन ड्रमर नव्हताच

पंक म्हणजे वाजवता न येणाऱ्यांचं संगीत, असं वाक्य रॉकवर बोलणारी माणसं अजूनही सहज टाकून देतात. पाठोपाठ उदाहरण हमखास रमोन्सचं, न्यूयॉर्कच्या सत्तरच्या दशकातल्या पंक बँडचं. तीन कॉर्ड, दोन मिनिटं, चार लेदर जॅकेटं, संपला विषय. मला या वाक्याचा राग येतो, आणि तो त्या बँडच्या पहिल्या ड्रमरमुळे येतो. टॉमी रमोनबद्दल माझं म्हणणं थोडं टोकाचं आहे, पण मांडतोच. हा माणूस ड्रमर नव्हताच. तो पहिल्यापासून प्रोड्यूसर होता, म्हणजे रेकॉर्ड कशी वाजावी हे ठरवून ती तशी करून घेणारा, आणि ड्रमच्या मागे जाऊन बसणं हा त्याच प्रोड्यूसरकीचा भाग होता.

तमाश एर्देयी हे त्याचं जन्मनाव. जन्म बुडापेस्टचा, १९४९ चा. आईवडील ज्यू, शेजाऱ्यांनी लपवलं म्हणून नाझींच्या तावडीतून वाचलेले. हंगेरीतला १९५६ चा उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडला, त्यानंतर हे कुटुंब अमेरिकेत आलं आणि न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये, फॉरेस्ट हिल्सला स्थिरावलं. तिथल्या शाळेत जॉन कमिंग्ज भेटला, म्हणजे पुढचा जॉनी रमोन. शाळेत दोघांचा एक बँड होता. त्यात टॉमी वाजवायचा गिटार. ड्रम नव्हे, गिटार. हे लक्षात ठेवा.

पुढे तो न्यूयॉर्कच्या रेकॉर्ड प्लांट स्टुडिओत असिस्टंट इंजिनिअर झाला आणि गिटारचा बादशहा जिमी हेंड्रिक्सच्या रेकॉर्डिंगला त्याला बसायला मिळालं. चांगलं वाजवणं म्हणजे काय, हे ज्यानं हेंड्रिक्सच्या शेजारच्या खोलीत बसून ऐकलंय, त्यानं काही वर्षांनी ठरवून तीन कॉर्डचा बँड उभा केला. येत नव्हतं म्हणून केलं, असं म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

१९७४ मध्ये रमोन्स जमले तेव्हा टॉमी मॅनेजर म्हणून आत आला. सगळ्यांनी भाऊ असल्यासारखं रमोन हेच आडनाव लावलं. ड्रमवर होता जोई, आणि गायचा डी डी. डी डीला गाणं आणि बेस एकदम जमेना. जोईनं उठून पुढे यावं, गावं, हा आग्रह टॉमीचा. सहा फुटांच्या वर उंच, बुजरा, केसांमागे तोंड लपवणारा पोरगा, आणि त्याला मायक्रोफोनपुढे उभं करायचं! आज ते उघड वाटतं, तेव्हा कुणाला सुचलं नसतं. मग ड्रमची जागा रिकामी झाली. ऑडिशनला येणारा प्रत्येक ड्रमर आपली तयारी दाखवायला बघायचा. मध्येच फिरक्या, मध्येच थरार. टॉमी त्यांना समजावून समजावून थकला, शेवटी स्वतः बसून दाखवू लागला आणि तिथंच राहिला. त्याआधी त्यानं ड्रम वाजवलेले नव्हते.

त्यानं वाजवलं काय? हाय-हॅटवर, म्हणजे झांजांच्या जोडीवर, मात्रेला दोन असे न थांबणारे ठोके, चार मात्रांतल्या एक-तीनवर किक, म्हणजे पायानं वाजणारा मोठा ड्रम, दोन-चारवर स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा छोटा ड्रम. बस. जॉनीचा हात गिटारवर फक्त खालच्या दिशेनं, वेगानं, अखंड चाललेला, आणि त्याच्या खाली ही सरळ रूळ टाकल्यासारखी लय. मोठ्या गवयामागे तासभर नुसता ठेका धरून बसणं कुठल्याही तबलजीला विचारा. हात आवरण्याची तयारी वेगळीच असते. टॉमीचं सोपेपण मला त्या जातीचं वाटतं. गाण्याला काय नको, हे त्याला आधी कळलेलं होतं, आणि ते कळणं प्रोड्यूसरचं काम.

पहिला अल्बम १९७६ चा, बँडच्याच नावाचा. रेडिओ सिटी म्युझिक हॉलच्या इमारतीतल्या प्लाझा साउंड स्टुडिओत आठवडाभरात झाला, खर्च साधारण ६,४०० डॉलर. चौदा गाणी आणि अर्ध्या तासाच्या आत खेळ खलास. प्रोड्यूसर क्रेग लिऑन, टॉमी असोसिएट प्रोड्यूसर. पुढच्या वर्षी 'लीव्ह होम' आणि 'रॉकेट टू रशिया' असे दोन अल्बम आले, दोन्हींवर टोनी बोंजोव्हीबरोबर प्रोड्यूसर म्हणून नाव आहे टी. एर्देयी. त्याच कव्हरवर ड्रमर म्हणून टॉमी रमोन. माणूस एक, नावं दोन. आडनावं खोटी, भाऊ खोटे, पण कागदोपत्री काम करणारा मात्र खऱ्या नावानं! दुकानातून रेकॉर्ड घेणाऱ्या पोराला हा एर्देयी कोण, हे कशाला कळतंय? बँडनं जी 'आम्ही चार उनाड भाऊ' अशी प्रतिमा उभी केली, तिच्यात स्टुडिओत डोकं लावून बसलेल्या चौथ्या भावाला जागाच नव्हती. त्याच्या नावाला उशिरा वजन आलं, त्याला ही प्रतिमाही कारणीभूत आहे.

१९७८ मध्ये टॉमी बँडमधून बाहेर पडला. व्हॅनमधून सततचे दौरे आणि एकमेकांशी धड न बोलणारी ती मंडळी. तो पिचून गेला होता. पण गंमत बघा, बाहेर पडला म्हणजे फक्त स्टूलवरून उठला. नवा ड्रमर मार्की आला, त्याला ही शैली टॉमीनं शिकवली, आणि पुढचा 'रोड टू रुइन' साउंड इंजिनिअर एड स्टॅसियमला बरोबर घेऊन टॉमीनंच प्रोड्यूस केला. त्यात ॲकूस्टिक गिटार आली, गाणी थोडी लांबली, आणि तरी दोन सेकंदांत ओळखू येतं की हे रमोन्स. ड्रमर बदलला, आवाज राहिला. माझ्या टोकाच्या म्हणण्याला याहून चांगला पुरावा मला सापडत नाही.

त्याच्यानंतर आला फिल स्पेक्टर, वाद्यांवर वाद्यं रचून भरगच्च आवाज करणारा नामांकित प्रोड्यूसर. १९८० चा 'एंड ऑफ द सेंच्युरी'. खर्च दोन लाख डॉलरच्या घरात, आणि एका गाण्याचा सुरुवातीचा एकच कॉर्ड जॉनीला तासन्‌तास वाजवायला लावल्याचा किस्सा प्रसिद्धच आहे. खरं बोलायचं तर अमेरिकेच्या यादीत रमोन्सचा सगळ्यात वर गेलेला अल्बम हाच, ४४ व्या क्रमांकापर्यंत. म्हणून विक्री हाच निकष असेल तर माझा मुद्दा इथंच पडतो. पण मला तो अल्बम दाटीवाटीचा वाटतो, लग्नाच्या हॉलमध्ये कोंबल्यासारखा. पुढची दोन-तीन वर्षं दुसऱ्या प्रोड्यूसरांची गेली आणि १९८४ मध्ये पुन्हा टॉमी-स्टॅसियम जोडीला बोलावणं आलं. 'टू टफ टू डाय'. एवढ्यात अमेरिकेत हार्डकोर पंक, म्हणजे पंकचाच आणखी वेगवान, कडक प्रकार, उभं राहिलं होतं आणि त्याच्या वेगापुढे रमोन्स जुने वाटू लागले होते. या अल्बममध्ये त्यांना पुन्हा दात फुटले.

आता अवघड भाग. १९८५ मध्ये मिनिआपोलिसच्या रिप्लेसमेंट्स या रॉक बँडनं आपला 'टिम' हा अल्बम टॉमीकडे सोपवला. मोठ्या कंपनीसाठी, सायरसाठी, त्यांचा हा पहिलाच. त्यांचा गायक पॉल वेस्टरबर्गची गाणी आयुष्यभर पुरतील अशी, पण आवाज पातळ. ड्रम कुठंतरी लांब बोळात वाजतायत, बेस दबलेला, सगळ्यावर एक ओलसर रिव्हर्ब, म्हणजे घुमणारा प्रतिध्वनी. चाहते वर्षानुवर्षं कुरकुरत राहिले, आणि ती कुरकुर रास्त होती. मी टॉमीचा पक्षपाती असलो तरी 'टिम'चं जुनं मिक्स, म्हणजे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज एकत्र जुळवून केलेलं अंतिम रूप, ऐकताना मला व्हॉल्यूम वाढवावासा वाटतो, आणि वाढवून काही फरक पडत नाही.

मग २०२३ मध्ये त्या अल्बमचा मोठा बॉक्स सेट निघाला आणि सगळं मिक्स नव्यानं करून दिलं एड स्टॅसियमनं. टॉमीच्याच जुन्या जोडीदारानं. टॉमी तोवर जाऊन नऊ वर्षं झाली होती. नवं मिक्स जबरदस्त आहे. ड्रम खोलीत आले, बँडचा गिटारवादक बॉब स्टिन्सनच्या गिटारला धार आली. सगळीकडून कौतुक झालं, आणि त्याबरोबर एक सूर असाही लागला की बघा, टॉमीनं अल्बमची कशी माती केली होती.

हा सूर मला पटत नाही. स्टॅसियमनं नवं काही वाजवून घेतलेलं नाही. जी टेप त्याच्या हाती आली ती टॉमीनं १९८५ मध्ये भरलेली. रिप्लेसमेंट्स म्हणजे स्टेजवर दारूच्या नशेत निम्मी गाणी अर्धवट सोडणारी टोळी. त्यांना स्टुडिओत बसवून, बॉबची बँडमधून हकालपट्टी होण्याच्या आदल्या वर्षी, असे टेक, म्हणजे एका दमात वाजवून रेकॉर्ड केलेले प्रयत्न, मिळवणारा माणूस प्रोड्यूसर म्हणून नापास कसा? चुकलं ते मिक्स, आणि ते चुकलं हे मी वर लिहिलंच आहे. पण पातळ मिक्स चाळीस वर्षांनीसुद्धा सुधारता येतं. टेपवर जीवच नसता तर स्टॅसियमनं काय केलं असतं? आपण सगळे शेवटचा हात बघतो. खोलीत कोण काय वाजवतंय, कुठला टेक ठेवायचा, कधी 'बास, झालं' म्हणायचं, हे ऐकणाऱ्याला दिसत नाही, आणि टॉमीची हुकमत तिथंच होती.

नंतरची यादी छोटी आहे. १९८७ मध्ये रेड क्रॉस नावाच्या बँडचा 'न्यूरॉटिका' अल्बम, मग बरीच शांतता. पुढे क्लॉडिया टिएनानबरोबर 'अंकल मंक' नावाची जोडी जमवून तो मँडोलिन आणि बँजो वाजवू लागला, ब्लूग्रास आणि जुनं अमेरिकन लोकसंगीत. पंकवाल्यांना हा विनोद वाटला. मला तो त्याच रस्त्यावरचा पुढचा मुक्काम वाटतो: थोडे कॉर्ड, सरळ लय, शाळेत न शिकलेलं संगीत. तोही पंक आणि ब्लूग्रास दोन्हींना घरगुती संगीतच म्हणायचा.

जोई २००१ मध्ये, डी डी २००२ मध्ये, जॉनी २००४ मध्ये गेला. पहिल्या अल्बमला अमेरिकेत गोल्ड, म्हणजे पाच लाख प्रतींचा दाखला, मिळालं २०१४ च्या एप्रिलमध्ये, निघाल्यावर ३८ वर्षांनी. तेव्हा मूळ चौघांतला एकटा टॉमी हयात होता. जुलैमध्ये तोही गेला, कर्करोगानं.

ज्यांनी रमोन्स ऐकलेच नाहीत त्यांनी तोच पहिला अल्बम घ्या, आणि मोबाइलच्या स्पीकरवर नको, हेडफोन लावून. बेस डाव्या कानात, गिटार उजव्या कानात, मध्ये जोई आणि टॉमी. आधी उजवा कान काढून एक गाणं ऐका, मग डावा काढून. वाजवता येत नव्हतं म्हणणाऱ्यांशी त्यानंतर बोलू.