शिरोडकर बोलायली कुठं?

परवाच्या रविवारी आमच्या अंबाजोगाईत वाचनालयाच्या हॉलमध्ये मिलिंद बोकीलांच्या कादंबरीवरचा 'शाळा' सिनेमा दाखवला. पडदा म्हणून पांढरी चादर, प्रोजेक्टर एका प्राध्यापक मित्राचा, खुर्च्या मंगल कार्यालयातून मागून आणलेल्या. मध्येच लाईट गेली, तेवढ्यात शेंगा फोडून झाल्या. सिनेमा २०१२चा, त्यामुळं बहुतेकांनी टीव्हीवर नाहीतर मोबाईलवर तुकड्यातुकड्यानं बघितलेला होता. पण एकत्र बसून बघितला की मग माणसं भांडतात, आणि खरं सांगायचं तर मी त्या भांडणासाठीच गेलो होतो. (आद्यकवी मुकुंदराजांच्या गावात मुकुंद जोशीची शाळा, हा विनोद आधीच करून झालाय. कमेंटमध्ये परत करू नका.)

ट्यूबलाइट लागली आणि पहिलं वाक्य आलं ते ठरलेलं. "पुस्तकाची सर नाही."

हे आमचे निवृत्त गुरुजी. त्यांचं म्हणणं असं की गोष्ट सांगणाऱ्या शाळकरी मुकुंदाच्या डोक्यात जी अखंड बडबड चालते, मास्तरांची टर, स्वतःचीही टर, त्याच्या तोंडचं ते 'इचिभनं', तीच खरी कादंबरी. ती काढली की एक पोरगा एका पोरीच्या मागं चाललाय, एवढंच उरतं. मागून कुणीतरी म्हणालं, गुरुजी, या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार आहे, सिनेमालाही आहे. गुरुजी म्हणाले, "असू द्या की. पुरस्कार देणारानं पुस्तक वाचलं व्हतं का पण?"

मग जो तो आपापला गाळलेला प्रसंग सांगायला लागला. जणू चोरी झाल्यावर पंचनामा चाललाय आणि घरातलं काय काय गेलं ते एकेक जण लिहून देतोय. तीनशेच्या आसपास पानं दोन तासांच्या आत बसवायची म्हणजे पानं जाणारच, हे सगळ्यांना कळतं. तरी राग येतो. मलाही आला होता, पहिल्यांदा बघितला तेव्हा. आणि कशाचा राग आला ते मला कितीतरी वर्षं नीट सांगता येत नव्हतं.

परवा ते कळलं. मुकुंदा आणि त्याची टोळी त्या अर्धवट बांधलेल्या इमारतीत जाऊन बसते ना? कादंबरीतलं गाव तिकडं मुंबईच्या अंगाचं. पण मी पुस्तक वाचलं तेव्हा ती इमारत माझ्या डोक्यात बांधकामाची नव्हतीच, तो आमचा हत्तीखाना होता. बाहेरच्यांसाठी सांगतो, हत्तीखाना म्हणजे गावाजवळची शिवलेणी. खडकात कोरलेला मंडप, दगडी हत्ती, उन्हाळ्यातही आत गार. तास बुडवून आम्ही तिथंच बसायचो. मुकुंदा जिच्या मागं असतो ती शिरोडकर क्लासला जाते तो रस्ता माझ्या डोक्यात योगेश्वरीच्या देवळाकडं उतरायचा. बोकीलांनी लिहिलेलं एक अक्षर न बदलता मी सगळी कादंबरी बालाघाटावर आणून ठेवली होती. आणि सिनेमात सगळं हिरवंगार, ओलं, भलतंच. आमच्याकडं जूनमध्ये शाळा भरते तेव्हा आभाळाकडं बघत बसलेली माणसं दिसतात.

मराठवाड्यातल्या वाचकाला ही सवयच आहे. आपल्या भागात घडणाऱ्या कादंबऱ्या मोजक्याच, मग हाती येईल ती कादंबरी आपण उचलून आपल्या गावात आणतो. पुण्याचं कॉलेज असो, कोल्हापूरकडचा तमाशा असो, वाचताना सगळं इथंच घडतं. सिनेमा आला की ते परत त्यांच्या त्यांच्या गावी जातं. गुरुजींना मी हे सांगितलं तर म्हणाले, "तुझं काहीतरीच." पण त्यांचा मुकुंदा कुठल्या शाळेत होता विचारलं, तर लगेच रेणापूर म्हणाले.

उलटा प्रकारही बघितलाय. २०१३ला 'दुनियादारी' आला आणि जोरात चालला. त्यानंतर माझ्या एका भाच्यानं सुहास शिरवळकरांची मूळ कादंबरी विकत आणली, आयुष्यातलं पहिलं अवांतर पुस्तक. आठ दिवसांनी तोंड पाडून आला. "मामा, पुस्तक पिक्चरसारखं नाही." म्हणजे जे आधी पोटात गेलं ते खरं, मागून आलेलं खोटं. 'सिंहासन' या राजकारणावरच्या सिनेमाबद्दल मात्र अशी तक्रार मी कधी ऐकली नाही, आणि तिथं तर अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या एकत्र करून एक सिनेमा केलाय. बहुधा मंत्रालय कुणी आपल्या गावात आणून ठेवत नसावं.

परवाचं खरं बोलणं मात्र एका पोरीचं. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, गावाकडून एसटीनं येते-जाते. पुस्तक वाचलेलं नाही, हे तिनं आधीच सांगून टाकलं. मग म्हणाली, "सर, ती शिरोडकर सगळ्या पिक्चरमध्ये नुसती बघायली. बोलायली कुठं? तिच्या मनात काय चाललंय ते कुणीच कामून विचारंना?"

हॉल गप्प. गुरुजीही.

मी 'शाळा' चार वेळा वाचली आहे. हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. पडणार कसा, पुस्तकभर मुकुंदाच बोलतो आणि इतकं गोड बोलतो की आपण त्याच्याच बाकावर बसलेले असतो. शिरोडकर झालेल्या केतकी माटेगावकरचा चेहरा समोर आला, जवळून दिसला, तेव्हा त्या पोरीला वाटलं की अरे, ही पण कुणीतरी आहे. यासाठी तो सिनेमा मी माफ केला. गाळलेले सगळे प्रसंग माफ.

आता माझी भीती सांगतो. कादंबरीकार रा. रं. बोराडे आपल्या लातूर जिल्ह्यातल्या काटगावचे. त्यांची 'पाचोळा' १९७१ची. शिंप्याच्या बायकोनं, पारबतीनं, आपल्या बोलीत सांगितलेली सगळी कादंबरी. इथं बाई बोलते, आणि ती बोलते तसं माझी आजी बोलायची. ही गोष्ट कुणी मोठ्या पडद्यावर आणली तर प्रसंग कितीही गाळा, माझी हरकत नाही. पण पारबतीच्या तोंडी ते सिनेमातलं सरसकट 'ग्रामीण' नको, जे कोल्हापूरपासून नांदेडपर्यंत सगळ्यांना एकच चिकटवतात. तेव्हा मी चादरीसमोर उभा राहून गुरुजींच्या वरताण आरडाओरडा करीन.

निघताना ती पोरगी ग्रंथपालबाईंना म्हणाली, "मॅडम, 'शाळा' द्या ना मला घरी न्यायला." बाईंनी रजिस्टर काढलं, बोट फिरवत फिरवत एका ओळीवर थांबल्या आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. दोन वर्षं झाली म्हणे. उद्या सकाळी नेऊन देतो.