'ज्याच्या हद्दीत तेल सांडलं, त्यानं निस्तरावं' म्हणणाऱ्यांसाठी

समुद्रात जहाज बुडालं, तेल सांडलं की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा सूर साधारण असा: ज्याच्या हद्दीत सांडलं त्यानं निस्तरावं, शेजारी देशांशी करार म्हणजे नुसता कागद, संयुक्त सराव फोटोंपुरते, दोन्ही निव्वळ उधळपट्टी, मोठ्या देशाला कुणाची गरज नसते, नुकसान जहाज कंपनीचा विमा भरून देतो, उरलंसुरलं समुद्रच साफ करतो. घाईत वाचणाऱ्याला हे सगळं पटतं, म्हणून एकेक दावा तपासायला हवा.

हद्दीपासून सुरुवात करू. पाण्यावरचा तवंग प्रवाहाबरोबर तर वाहतोच, शिवाय वाऱ्याच्या वेगाच्या सुमारे 3 टक्के वेगानं सरकतो. वारा ताशी 40 किलोमीटर असेल तर नुसत्या वाऱ्यानं तो दिवसाला जवळपास 30 किलोमीटर पुढे जातो. 1979 मध्ये मेक्सिकोच्या काम्पेचे उपसागरात इश्तोक-1 ही तेलविहीर फुटली. दोन महिन्यांनी ते तेल अमेरिकेत टेक्ससच्या किनाऱ्याला लागलं. 2002 मध्ये 'प्रेस्टीज' या फुटलेल्या टँकरला स्पेननं आसरा नाकारून किनाऱ्यापासून दूर न्यायला लावलं. सहा दिवसांत तो तुटला. त्याचं तेल स्पेनच्या किनाऱ्यावर आलंच, फ्रान्सपर्यंतही पोचलं. 2021 मध्ये 'एक्स-प्रेस पर्ल' या जहाजावर नायट्रिक आम्लाचा एक कंटेनर गळत होता. कतारच्या हमद बंदरात आणि आपल्या हजिऱ्यात तो उतरवून घेतला गेला नाही. जहाज पुढे कोलंबोजवळ पेटलं आणि प्लास्टिकच्या बारीक गोळ्यांचा श्रीलंकेच्या किनाऱ्यावर थर बसला. अशा जहाजाला कोणत्या बंदरानं जागा द्यायची, हे एकेकट्या बंदरावर सोडलं की प्रत्येक जण हात वर करतो. ते शेजाऱ्यांनी मिळून आधी ठरवावं लागतं.

मोठ्या देशाला गरज नसते, हा दावा तर 2010 मध्येच मोडीत निघाला. मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन' या तेलविहीर खणणाऱ्या फलाटावर दुर्घटना झाली तेव्हा अमेरिकेनं इतर देशांची सामग्री घेतली; तेल गोळा करणारे डच बनावटीचे बाहू जहाजांना लावले गेले. मदतीचे प्रस्ताव मात्र आधी रेंगाळले, कारण ते कोणत्या पद्धतीनं तपासायचे आणि स्वीकारायचे हे ठरलेलं नव्हतं. पुढे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं नेमक्या याच विषयावर मार्गदर्शिका काढली.

आता 'करार म्हणजे कागद'. हो, कागदच. पण त्यावर काय लिहिलेलं असतं ते बघा. कच्चं तेल लाटांत घुसळलं की पाणी पिऊन घट्ट होतं आणि त्याचं आकारमान तिपटी-चौपटीनं वाढतं. तेल विखुरणारं रसायन काही तास, फार तर एक-दोन दिवस उपयोगी पडतं. त्या वेळात परदेशी विमानाला उतरायची परवानगी, पंपांवरचं सीमाशुल्क, तंत्रज्ञांचे व्हिसा आणि खर्च कुणाचा, हा पत्रव्यवहार सुरू करणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. म्हणूनच 1990 च्या तेलप्रदूषण सज्जता कराराचं सातवं कलम सदस्य देशांना सांगतं की मदतीची जहाजं, विमानं, माणसं आणि सामान आपल्या हद्दीत लवकर येईल-जाईल अशी तरतूद करा.

त्याहून बारीक गोष्टी सरावात कळतात. तेल अडवणारे तरंगते बूम तुकड्यातुकड्यांनी जोडावे लागतात. दोन देशांच्या बूमची जोडणी एकमेकींत बसत नसेल, तर दोघांचं सामान शेजारी शेजारी तरंगतं आणि मधल्या फटीतून तेल निघून जातं. हे धक्क्यावर किंवा सरावात कळलेलं बरं. तवंग किती मोठा, हे विमानातून सांगायचं तर नुसतं 'खूप आहे' म्हणून भागत नाही. उत्तर समुद्रालगतच्या देशांच्या बॉन करारानं त्यासाठी रंगांची पाच पायऱ्यांची खूण ठरवली आहे. रुपेरी झाक दिसली तर एका चौरस किलोमीटरवर 40 ते 300 लिटर, इंद्रधनुषी दिसली तर 300 ते 5,000 लिटर, धातूसारखी चमक असेल तर 5,000 ते 50,000 लिटर. तेलाचा खरा रंग दिसू लागला की आकडा त्याहून वर. एका देशाच्या वैमानिकानं दिलेला अंदाज दुसऱ्या देशाच्या नियंत्रण कक्षाला जसाच्या तसा कळतो. मला या सगळ्या व्यवस्थेतला हा सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

बॉन करार उगाच झाला नाही. 1967 मध्ये 'टॉरी कॅनियन' टँकर इंग्लंडच्या कॉर्नवॉलजवळ खडकावर चढला. तिथे फवारलेल्या डिटर्जंटनं किनाऱ्यावरच्या जिवांचं तेलापेक्षाही जास्त नुकसान केलं आणि तेल फ्रान्सपर्यंत गेलं. दोन वर्षांत आठ देशांनी बॉनमध्ये सह्या केल्या. उधळपट्टीच्या आक्षेपाचं उत्तरही त्यात आहे: ज्या देशानं मदत मागितली त्यानं मदतीचा खर्च द्यायचा, कुणी आपणहून कारवाई केली तर खर्च त्याचा त्यानं सोसायचा.

सराव नुसता फोटोंपुरता, असं म्हणणाऱ्यांनी 2007 चं दक्षिण कोरिया बघावं. 'हेबेई स्पिरिट' या टँकरमधून 10,000 टनांहून जास्त तेल सांडलं, तेव्हा वायव्य प्रशांत भागातल्या देशांची आधी ठरलेली योजना लागू झाली आणि चीन व जपानकडून तेल शोषणारं साहित्य आलं. उलट 2020 मध्ये मॉरिशसजवळ 'वाकाशिओ' हे मालवाहू जहाज 25 जुलैला रुतलं आणि इंधन 6 ऑगस्टला गळू लागलं. मधले बारा दिवस हातात होते. तेल आल्यावर लोकांनी उसाच्या पाचटाचे बूम शिवले. भारताची 30 टन सामग्री आणि तटरक्षक दलाचं पथक पोचलं ते ऑगस्टच्या मध्यावर.

विम्याचं थोडक्यात. टँकरमधल्या तेलासाठी आंतरराष्ट्रीय भरपाई निधी आहे, पण त्याला कमाल मर्यादा आहे आणि तो दावे तपासून मागाहून पैसे देतो; सांडल्या दिवशी बूम आणून देत नाही. कंटेनरमधून पडलेल्या प्लास्टिकला तो लागूच नाही. 'एक्स-प्रेस पर्ल' 2021 मध्ये जळालं. श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयानं एक अब्ज डॉलर भरपाईचा आदेश दिला 2025 मध्ये. मच्छीमाराची चार वर्षं त्यात गेली.

आणि समुद्र साफ करतो म्हणाल, तर हलकं डिझेल बरंचसं उडून जातं, हे खरं. जहाजांचं जड इंधन मात्र टिकतं, डांबरगोळे होऊन वाळूत येतं, खारफुटीच्या मुळांवर बसलं की वर्षानुवर्षं राहतं.

त्या मजकुरामागची एक चीड मात्र रास्त आहे. करार होतात आणि घोंगडं भिजत पडतं. दक्षिण आशियाई समुद्रांचा कृती आराखडा 1995 चा. तेल व रसायन प्रदूषणावरच्या प्रादेशिक सामंजस्य कराराला भारताच्या मंत्रिमंडळानं मंजुरी दिली 2018 मध्ये. 'न्यू डायमंड' टँकर 2020 मध्ये श्रीलंकेजवळ पेटला तेव्हा भारतीय तटरक्षक दल धावून गेलं आणि सुमारे 2,70,000 टन कच्चं तेल समुद्रात जाण्यापासून वाचलं. ही तत्परता दर वेळी दिसायची असेल तर करार बंद करण्याची मागणी उपयोगाची नाही. पुढच्या संयुक्त सरावात शेजारी देशाचं सामान खरोखर विमानानं आणा, सीमाशुल्कातून बाहेर काढा, आपल्या बूमला जोडून पाण्यात उतरवा आणि त्याला किती तास लागले ते जाहीर करा, ही मागणी करा.